आकाशपाळण्यावरची सोलकढी

बकुळाचं पत्र शिमग्याच्या आदल्या दिवशी आलं होतं. मे महिन्याचा तिसरा रविवार उजाडला तरी आप्पांचं उत्तर गेलेलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. उत्तरं त्यांनी एकोणीस लिहिली होती. पहिल्यात हवापाणी फार झालं. दुसऱ्यातून हवापाणी काढलं तर 'अनेक आशीर्वाद' एवढंच उरलं. सातवं वाचताना त्यांना स्वतःलाच कुणीतरी मुदत उलटलेलं पुस्तक परत करायला बजावतंय असं वाटलं. बाराव्यात 'तथापि' चार वेळा आला होता. रत्नागिरीच्या वाचनालयात इतरांनी लिहिलेली पुस्तकं कपाटातून काढून देण्यात आणि परत जागेवर लावण्यात ह्या माणसाचा जन्म गेला होता. आपण लिहिलेलंही कुणीतरी वाचणार, ह्या कल्पनेनेच त्यांचा हात आखडायचा.

आणि प्रश्न तर एवढासाच होता. "दादा," बकुळाने पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "विठूची बदली भुसावळला झाली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड हलेल. मी त्याच्याबरोबर जाऊ की घरी येऊ, एवढंच विचारायचं आहे. तिकडे समुद्र नाही म्हणतात. तू दोन ओळी लिही. मे संपेपर्यंत काही आलं नाही तर मी काय समजायचं ते समजेन. रागावणार नाही."

धाकट्या बहिणीने हे विचारायला तेवीस वर्षं लावली होती. गोदीतल्या एका खलाशाशी तिने बाबांचा शब्द मोडून लग्न केलं, आणि त्याच वर्षी बाबा गेले. जाताना त्यांच्या हातावर हात ठेवून मधल्या भावाने, गंगारामने, शपथ घेतली होती की माझ्या जिवात जीव आहे तोवर बकुळा ह्या घराचा पुढचा उंबरा ओलांडणार नाही. आप्पा तेव्हा कोपऱ्यात उभे होते. त्यांना कुणी शपथ घ्यायला सांगितली नाही, आणि घेऊ नकोस असं ते गंगारामला म्हणाले नाहीत. आरे गावातल्या पिलणकरांच्या त्या घरात थोरले असूनही ते असेच कुठेतरी कोपऱ्यात उभे असत. बाग गंगारामची, शब्द गंगारामचा. आता बकुळाचा नवराही जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा विठू रेल्वेत नोकरीला होता, आणि घरात तिचा उल्लेख करायची वेळ आलीच तर 'ती मुंबईची' म्हणत.

पत्राचं पहिलं पान आप्पांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. उरलेली तीन पानं एका जाड शब्दकोशात. ह्या तीन पानांनीच घोटाळा केला.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी त्यांची नात राही शब्दकोशातली चित्रं बघत बसली होती. चित्रं फारशी नव्हती, पण पानं सापडली. मुलीने ती पडवीत उभं राहून खड्या आवाजात वाचली. विठूला रेल्वेचा पास मिळाला तेव्हा तो आईला दिल्लीला घेऊन गेला होता आणि तिथे तिने अप्पू घर नावाची पाळण्यांची बाग पाहिली होती, त्याचं ते वर्णन होतं.

"आकाशपाळण्यात वर गेलं की खालची माणसं तांदळातल्या खड्यांएवढी दिसतात. पाळणा नेमका वरच थांबला. माझ्या लुगड्याचा पदर वाऱ्याने उडाला तो शेजारच्या सरदारजींच्या तोंडावर. मी ओढते तर त्यांच्या पगडीत अडकलेला. खाली येईपर्यंत ते बिचारे 'बहेनजी, बहेनजी' करत होते. मग डोंगरगाडी. तिच्यात जीव पोटातून तोंडात येतो आणि परत जागेवर जातो, पण अगदी त्याच जागेवर नाही. भुताच्या घरात मी भुताला म्हटलं, बाबा, तुझे दात सुटलेत, नीट बसव. एवढं सगळं, पण खाण्यात काही राम नाही. माझ्या मनात आलं, ह्या पाळण्यांत माणसांऐवजी आपल्याकडचं जेवण बसवावं. एकात सोलकढी, एकात भात, एकात बांगड्याचं तिखलं. आपण खाली हात पसरून उभं राहावं, आणि येईल ते जेवावं."

बकुळाने सही शेवटी केलीच नव्हती. जागा संपली म्हणून ती पहिल्या पानाच्या कडेला उभी केली होती. आणि पहिलं पान आप्पांच्या खिशात.

गंगाराम ऐकून इतका हसला की त्याला उचकी लागली. "पगडीत अडकलेला! मेलो मी. कोण गो ही बाई?"

सगळे आप्पांकडे बघायला लागले. एवढ्या नजरा एकदम अंगावर आल्या की आप्पांना काहीही सुचत नसे, आणि जे सुचे ते खोटं असे. "वाचनालयातली," ते म्हणाले. "एक जुनी वाचक."

"वाचक," गंगारामची बायको यमुनाबाई म्हणाली. तेवढाच शब्द, पण तो तिने ओट्यावर आपटला. आप्पांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तीन पानं पत्र लिहिणारी, पदर उडालेला कळवणारी वाचक ह्या घराला नवीन होती.

राहीचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिच्या बापाने, केरूने, ह्या सुट्टीत मुंबईहून येऊन तिला दिल्ली दाखवायचं कबूल केलं होतं आणि गिरणीतून रजा मिळत नाही असं पंधरा दिवसांपूर्वी कळवलं होतं. तेव्हापासून ती फुरंगटून होती. ती म्हणाली, "मग तसंच करू या. जेवण पाळण्यात बसवू या."

"करू या!" गंगाराम उचकी देत म्हणाला. "रविवारी. विहिरीवरचा आपला रहाट काय कामाचा राहिलाय? चार वर्षं पंप पाणी काढतोय, तो नुसता उभा हाय. त्याचा आकाशपाळणा. त्या बाईचं डोकं बघ. रहाट बघितलेला नसणार जन्मात, तरी कसं अचूक सुचलं."

आप्पांनी खिशावर हात ठेवला. त्याच विहिरीच्या कठड्यावरून बकुळा दोनदा पडली होती.

*

रविवारी सकाळी गंगाराम मिरकरवाड्याला जाऊन बांगडे आणि कोळंबी घेऊन आला. आप्पा नारळ सोलून देण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात बसले. त्यांच्या मनात होतं की आज यमुनाबाईला खरं सांगून टाकावं. विसावं उत्तर तोंडी द्यावं. पण आत भांडण रंगात आलं होतं.

"शिरवाळे गुळाच्या रसात खातात," यमुनाबाई म्हणत होती. "माझ्या माहेरी, तुझ्या माहेरी, सगळीकडे. त्यावर कोळंबी ठेवून तू मला काय दाखवणारंस?"

"रस नाय घालायचा काकी," आप्पांची सून गुणवंती म्हणाली. ती भाताच्या ढिगावरून शिरवाळ्यांचे, तांदळाच्या त्या शेवयांचे, दोन पदर शेजारी-शेजारी खाली सोडत होती. "हे रूळ. हा डोंगर. आणि कोळंब्या म्हणजे माणसं. दोन-दोनच्या जोडीने बसवायची."

"शेपट्या पुढं की मागं?"

गुणवंती विचारात पडली. "माणसं पुढं बघून बसतात."

"मग डोकी काढलीस कशाला?" यमुनाबाईने विचारलं. डोकी नसलेली अठरा माणसं डोंगरावरून खाली निघाली होती.

"यमुना," आप्पा म्हणाले, "त्या पत्राबद्दल मला जरा..."

"मला काही सांगू नका आप्पा." तिने विळीवरून मान वर केली नाही. "तुमचं वय तुम्हाला माहीत. मी आपली विचारते, बाई शाकाहारी आहे की मासे खाते?"

"मासे खाते," आप्पा म्हणाले, आणि तेवढ्यावर त्यांचं धैर्य संपलं.

"खाते. म्हणजे तेवढं माहीत आहे," यमुनाबाई गुणवंतीला म्हणाली.

सोललेला नारळ आत सरकवून आप्पा उठले. मे संपायला तेरा दिवस होते. पत्राला मुंबईला पोचायला चार. बकुळाची ट्रंक भरायला दोन. हा हिशेब ते रोज करत, आणि रोज त्यातला एक दिवस गळत असे.

*

चार वाजता बाग उघडली. मागच्या पडवीच्या खिडकीवर राहीने कोळशाने लिहिलेला पुठ्ठा टांगला होता: 'आप्पा घर'. आतल्या बाजूला आप्पांना तिकिटं द्यायला बसवलं होतं. तिकिटं म्हणजे वाचनालयाने टाकून दिलेली जुनी कार्डं. दिवसभरात पहिल्यांदा आप्पांना बरं वाटलं. खिडकीच्या अलीकडे आपण, पलीकडे माणूस, आणि मध्ये एक कार्ड. ह्यापलीकडे माणसांशी कसं वागावं हे त्यांना कधी नीटसं कळलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक कार्डावर तारखेचा शिक्का मारला आणि सवयीने म्हणाले, "पंधरा दिवसांत परत करा."

"जेवण परत करायचं?" सखाराम घाबरला. हा त्यांच्या बागेचा जुना गडी. रहाट त्याच्या सवयीचा, आणि तो फिरवायला तो आज आपला बैल पवळ्या घेऊन आला होता. पवळ्याचंही तिकीट फाडलं गेलं.

पहिलं भुताचं घर. ते कोठीच्या खोलीत होतं. भूत व्हायला यमुनाबाईने साफ नकार दिला होता. "ह्या घरातले पूर्वज तिथेच असतात," ती म्हणाली होती. "त्यांना काय वाटेल, मी त्यांची नक्कल करते?" तेव्हा घोंगडी पांघरून गंगाराम आत बसला होता. अंधारात काळ्या वाटाण्याची उसळ चाचपडत खायची आणि भुताने किंचाळायचं, असा बेत. सगळे आत शिरले. किंचाळी काही येईना. नुसता मचमच आवाज.

"भूत खातंय!" राही ओरडली.

"किती वेळ वाट बघायची?" घोंगडीतून आवाज आला. "वास काय सुटलाय. घावणे आणा कोणीतरी."

निम्मी उसळ संपली होती. यमुनाबाईने भुताच्या पाठीत एक रट्टा घातला आणि उरलेलं पातेलं उचलून उजेडात आणलं. डोंगरगाडीचं त्याहून बरं झालं. म्हणजे गाडी सुटली. गंगारामने परात कलती केली, डोंगर मधोमध खचला आणि अठरा कोळंब्या रूळ घेऊनच सखारामच्या मांडीवर उतरल्या. सखारामने त्या तिथल्या तिथे खाल्ल्या. "बरोबर हाय," तो म्हणाला. "जीव तोंडात येतो."

मग सगळी मंडळी विहिरीवर गेली.

रहाट खरोखर बघण्यासारखा दिसत होता. गंगाराम आणि सखाराम दोन दिवस त्याच्या मागे होते. उंडीचं तेल पाजून त्याची कुरकुर बंद केली होती. विहिरीत सोडायची गाडग्यांची लांब माळ काढून टाकली होती आणि चाकाच्या चढत्या कडेलाच बारा नवी गाडगी बांधली होती: चार सोलकढीची, तीन बांगड्याच्या तिखल्याची, तीन भाताची, दोन उकडीच्या मोदकांची. प्रत्येकाला झेंडूचं फूल. गंगाराम आयुष्यभर ह्या रहाटावर शिंपणं करत आला होता. सखारामचा बापही ह्याच रहाटामागे चालायचा. यमुनाबाई ह्याच्या पाण्यावर भांडी घासून म्हातारी झाली होती. आणि रहाटावरची गाडगी वर गेली की काय करतात, हे ह्या क्षणापर्यंत त्यांच्यापैकी एकालाही आठवलं नाही. सखारामने ती बांधली होती ती त्याच्या हातांना ठाऊक असलेल्या एकुलत्या एका गाठीने. रहाटाच्या. घट्ट, हलू नये अशी, तोंड पुढे करून.

"सोड पवळ्या!" गंगाराम ओरडला.

पवळ्या चालायला लागला. चाक फिरलं. पहिलं गाडगं डौलात वर चढलं. राहीने टाळ्या वाजवल्या. गाडगं माथ्यावर पोचलं, चार वर्षांपूर्वी सोडलेलं काम पुन्हा मिळाल्यासारखं वळलं, आणि त्यातली सोलकढी एका थेंबाची चूक न करता लाकडी पन्हळीत ओतली गेली.

राहीच्या टाळ्या थांबल्या. दुसरं गाडगं आलं. तेही ओतलं गेलं.

"थांबव!" यमुनाबाई किंचाळली. "सख्या, थांबव तुझा बैल!"

"हाः! हाः!" सखाराम म्हणत होता. पण पाट भरून वाहायला लागल्याशिवाय थांबायचं नाही, एवढंच पवळ्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि पाट तर अजून भरायचा होता. सोलकढीमागून तिखलं गेलं. तिखल्यामागून भात, धप् धप् करत. पन्हळीतून खाली चिऱ्यात कोरलेल्या पाटात एक गुलाबी ओढा निघाला, त्यावर बांगड्यांचे तुकडे, मागून भाताची बेटं, आणि सगळ्यात शेवटी सहा मोदक, होड्यांसारखे एकामागे एक.

आप्पांना वाटलं, आता गंगाराम भडकणार. सगळं फिसकटलं. आणि आपलंही आज सांगायचं राहिलं. पण गंगारामने एकदा त्या ओढ्याकडे पाहिलं आणि त्याच्यातला बागाईतदार जागा झाला. त्याने कुदळ उचलली.

"पोफळीकडचा पाट फोडू नका!" तो गरजला. "तिकडं सगळी माती! केळीच्या बाजूला वळवा! गुणवंती, तिथं बांध घाल!"

"कशाचा बांध घालू?"

"भाताचा घाल, कशाचा म्हणजे!"

पाट गुणवंतीने सकाळीच काथ्याने घासून धुतला होता, लोकांना कडेला बसायचं म्हणून. ती पदर खोचून ओणवी झाली आणि भाताचा बांध घातला. ओढा वळला. केळीखालच्या सपाट चिऱ्यात त्याचं तळं झालं आणि मोदक त्यात गोल फिरायला लागले.

"पाण्याची घसरगुंडी!" राही ओरडली. "हे तर तिच्या पत्रातसुद्धा नव्हतं!"

मग जे जेवण झालं तसं त्या घरात आधी कधी झालं नाही. पोफळीच्या विरीचे, म्हणजे गळलेल्या झावळीच्या रुंद बुंध्याचे, तुकडे फाडून सगळे पाटाच्या दोन्ही काठांना बसले. विरीची पन्हळ पाटात धरायची, जे लागेल ते जेवायचं. सखारामला एकसारखा बांगडाच लागत होता. यमुनाबाई "शी, शी" म्हणत बसली आणि मग तीन वेळा वाढून घेतलं. पाट भरल्यामुळे पवळ्या आपणहून थांबला होता.

"मोदकाला तिखल्याची चव लागते," गुणवंती म्हणाली.

"वाईट नाय लागत," गंगाराम म्हणाला. त्याच्या मिशीला सोलकढी होती. इतका खूष आप्पांनी त्याला बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. "आप्पा, तू त्या बाईला लिही. म्हणावं, तुझ्या डोक्यातलं आम्ही करून बघितलं. ये म्हणावं बघायला. मी बोलावतोय म्हण. गंगाराम पिलणकराचं आमंत्रण."

"कशाला?" यमुनाबाई म्हणाली.

"कशाला म्हणजे? असलं माणूस घरात पायजे. तू बोलू नको. आप्पा, लिहितोस ना?"

आप्पांच्या हातातली विरी पाटात पडली आणि वाहून गेली. उत्तराऐवजी त्यांनी खिशातून चौपदरी घडीचं पान काढून पुढे केलं. गंगारामचे हात भरलेले होते. पान गुणवंतीने घेतलं आणि कोरड्या बोटांनी कडेला धरून मोठ्याने वाचलं. दादा, विठूची बदली. भुसावळ. समुद्र नाही म्हणतात. रागावणार नाही. मग पान आडवं करून कडेची सही वाचली.

गंगारामने हातातली विरी खाली ठेवली.

"म्हणजे सरदारजी," गंगाराम म्हणाला. "तो पदर बकुळेचा?"

"हो."

"आणि मी हसलो?"

"पाच दिवस," आप्पा म्हणाले.

यमुनाबाई एकदम रडायलाच लागली. "मी नवी नवरी होते तेव्हा," ती म्हणाली, "माझा भात करपायचा आणि बकुळा सासऱ्यांना सांगायची, मी करपवला. किती वेळा म्हणून सांगू. आणि मी आठवडाभर तिला पदरवाली म्हणतेय. आप्पा, मला आधी नाही सांगायचं?"

"सांगायला आलो होतो. तू मासे खाते का विचारलंस."

"आणि शिमग्यापासून उत्तर नाही?"

"एकोणीस लिहिली."

"पाठवली किती?"

आप्पांनी पाटातला एक मोदक बोटाने पुढे ढकलला.

"शपथ हाय माझी," गंगाराम म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "बाबांच्या हातावर. पुढचा उंबरा ओलांडणार नाय म्हणून. ती मोडायची म्हणता?"

राहीने बराच विचार केला. "मग तिकिटाच्या खिडकीतून येऊ दे."

हे ती चेष्टेने म्हणाली असेल, नसेल. पण गंगारामने मान वर केली. "खिडकीचं मी काय बोललो नव्हतो," तो म्हणाला. "मागची खिडकी. उंबरा नाय तिला."

"पन्नाशीची माझी नणंद," यमुनाबाई डोळे पुसत म्हणाली, "खिडकीतून उडी मारून माहेरी येणार?"

"उडी कशाला? स्टूल ठेवू."

"आणि रोज? अंगणात जायचं, देवळात जायचं, कपडे वाळत घालायचे, रोज खिडकीतून?"

"माडावर चढायची शिडी हाय माझ्याकडं," सखाराम म्हणाला. "बाहेरनं लावता येईल. आतून मात्र दुसरी लागंल."

"गज काढायला लागतील," गुणवंती म्हणाली.

"दोन काढू. बकुळा बारीक होती."

"तेवीस वर्षांपूर्वी!"

ते सगळे खरोखरच गज मोजायला लागले होते. आप्पांनी हे ऐकलं, आणि एकोणिसातल्या एकाही पत्रात न सापडलेला सूर त्यांच्या घशातून असा काही बाहेर पडला की पवळ्याने कान टवकारले.

"माझी बहीण दारातून येईल!"

सगळे थबकले. आप्पाही थबकले. पण आता मागे फिरायला वाट नव्हती. "मी विचारत नाही, गंगाराम. सांगतोय. थोरला मी आहे. ती पुढच्या दारातून येईल, जाईल. तुला ते बघवत नसेल तर तू खिडकीतून ये-जा कर. स्टूल मी धरीन."

गंगाराम त्यांच्याकडे पाहत राहिला. चोपन्न वर्षांत थोरल्या भावाने त्याला ह्या आवाजात काही सांगितलं नव्हतं. मग तो उठला, पाटात हात धुतले, ते सोलकढीतच धुतले हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि घराकडे निघून गेला.

"झालं," आप्पा म्हणाले. "मी फार बोललो. तथापि..."

"गप्प बसा आप्पा," यमुनाबाई म्हणाली. "पहिल्यांदा नीट बोललात."

तेवढ्यात घराच्या पुढून आवाज आला. ठोक्याचा, मग लाकूड कण्हावं तसा. सगळे धावले.

पुढच्या दारात गंगाराम पहार घेऊन ओणवा झाला होता. चौकटीतला फणसाचा उंबरा, बाबांनी बसवलेला, तीन पिढ्यांच्या पायांनी मधे खोलगट झालेला, त्याने एका बाजूने उचकटला होता. दुसऱ्या बाजूला त्याने पहार घातली, भार दिला, आणि तो सगळा बाहेर आला. आतली ओटी आणि बाहेरचं अंगण ह्यांच्यामध्ये नुसती मातीची एक चर उरली.

"वाळवी लागलीय," गंगाराम कुणाकडेही न बघता म्हणाला.

गुणवंती वाकून पाहायला लागली. "कुठं? लाकूड तर लोखंडासारखं..."

यमुनाबाईने तिला चिमटा काढला. "लागलीय म्हणाले ना."

"बदलायलाच पायजे होता," गंगाराम म्हणाला. उंबरा त्याने दोन्ही हातांनी उचलला, अंगणात नेला, आणि फेकला नाही. भिंतीला टेकवून, पुसून उभा ठेवला. "रघू सुताराला सांगितलं तरी दिवाळीआधी काय यायचा नाय. आणि नव्या उंबऱ्यावर कोणी काय शपथ घेतलेली नसणार." त्याने सदऱ्याच्या बाहीने मिशी पुसली, की डोळे, ते आप्पांना उभ्या जागेवरून नीट दिसलं नाही. "मी कोणाला बोलावलेलं नाय. तू लिहितोयस. दिवसाच्या एस्टीने ये म्हणावं. सामान फार असेल. स्टँडवर उतरवायला जावं लागेल मला."

*

निळं अंतर्देशीय पत्र पुढ्यात घेऊन आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसले, तर सगळ्यांना काहीतरी कळवायचं होतं. राहीला घसरगुंडीचं सविस्तर वर्णन हवं होतं. यमुनाबाईचं म्हणणं, करपलेल्या भाताबद्दल आधी माफी मागावी. गुणवंतीला विचारायचं होतं, दिल्लीच्या भुताचे दात लाकडाचे होते की कसले. गंगाराम बागेत होता, पण दर थोड्या वेळाने काहीतरी विसरल्यासारखा येऊन जात होता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं:

"चि. बकुळास, भुसावळला जाऊ नकोस. घरी ये. पुढच्या दारातला उंबरा गंगारामने स्वतःच्या हाताने काढला आहे, तिथे जरा जपून पाय टाक. तुझा दादा."

घडी घातली, कडा चिकटवल्या, पत्ता लिहिला, आणि कुणाला काही बोलायला वेळ मिळायच्या आत ते निघाले. एस्टीच्या थांब्याजवळ दुकानाच्या भिंतीवर लाल पेटी होती. अकराला ती उघडत. पावणेअकरा झाले होते. समुद्रावरून वारा येत होता आणि आप्पांनी पत्र दोन्ही हातांनी धरलं होतं. पेटीच्या तोंडाशी त्यांनी ते नेलं आणि सोडलं. आत दुसऱ्या पत्रांवर ते पडल्याचा हलकासा आवाज आला.

मग त्यांच्या लक्षात आलं, की ते पुन्हा एकदा वाचून पाहायचं राहून गेलं.